एक बांगडी, एक पातेलं



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ९. अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद, त्यातली कुमारीची गोष्ट.

गेले काही दिवस आपण अवधूताचे चोवीस गुरू एकेक करून बघतोय. पृथ्वी झाली, वारा झाला, मधमाशी झाली. आज ज्या गुरूची पाळी आहे, ती एक साधी मुलगी आहे. तिचं नावही भागवतात येत नाही. नाथमहाराजांनी याच स्कंधावर टीका लिहिली, तेच आपलं एकनाथी भागवत. ते काशीत १५७३ साली पूर्ण झालं. घरात असेल तर आज हा अध्याय नक्की काढून वाचा.

गोष्ट थोडक्यात सांगतो. मुलीला बघायला घरी पाहुणे येतात. घरची माणसं नेमकी बाहेर गेलेली. ती एकटीच पाहुण्यांचं आगतस्वागत करते आणि त्यांच्या जेवणासाठी आत साळी कांडायला बसते. हातात शंखाच्या बांगड्या. मुसळ वर-खाली व्हायला लागलं की बांगड्यांचा खणखणाट सुरू. तिला लाज वाटते. घरात कांडलेले तांदूळसुद्धा नाहीत, हे बाहेर बसलेल्यांना कळायला नको. म्हणून ती एकेक बांगडी फोडून काढते. हातात दोन-दोन उरतात, तरी आवाज येतोच. मग त्यातलीही एक जाते. प्रत्येक हातात एकच. आता आवाज नाही.

यावर अवधूत म्हणतो, पुष्कळ जण एकत्र आले की भांडण होतं, दोघे असले तरी बोलणं होतंच. म्हणून साधकाने एकटं राहावं. ही गोष्ट मी आजवर अशीच वाचली होती : एकांताचा धडा. या वेळी मात्र दुसरंच काही दिसलं. आणि ते दिसायला माझ्या घरातली एक मांडणी कारण झाली.

कबुली द्यायची आहे. मला जुनी भांडी जमवायचा नाद आहे.

सुरुवात चार वर्षांपूर्वी झाली. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे मित्राबरोबर सायकलचा एक पार्ट शोधायला गेलो होतो. पार्ट मिळाला नाही, पितळेचा एक फिरकीचा तांब्या घेऊन आलो. चिंच-मीठ लावून घासला तर आतून सोन्यासारखा पिवळा निघाला. त्या दिवसापासून माझे रविवार गेलेच. पुढे मुंबईचा चोर बाजार, मग प्रत्येक गावच्या भंगाराच्या दुकानात डोकावणं. तपेली, गडू, घंगाळ, पंचपात्र, ओगराळं, शेवेचा सोऱ्या, मोराच्या आकाराचा अडकित्ता. मग त्यातलं कळायलाही लागलं. बोटाच्या पेराने टिचकी मारून नाद ऐकायचा. बूड उलटं करून डाक दिलाय का ते बघायचं. हाताने ठोकलेल्या भांड्यावर मठाराच्या खुणा असतात, त्यावरून बोट फिरवायचं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून ती ठोक ऐकू येते.

यात वाईट काय, असं मलाही वाटायचं. एके काळी घरोघरच्या बायकांनी ही भांडी मोडीत घालून स्टील आणलं. घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही, त्यांचं चुकलं असंही नाही. पण आपण ती वाचवतोय, भट्टीत जाण्यापासून सोडवतोय, असं मी लोकांना सांगायचो. स्वतःलाही.

मागच्या वर्षी मोजली तेव्हा ४३ नग होते. आमचा फ्लॅट वन बीएचके. हॉलची एक पूर्ण भिंत मांडणीची. खाली पिवळे लाइट्स. फोटोला लाइक्स भरपूर.

त्या ४३ मध्ये एक पातेलं होतं. जाड बुडाचं, कानाशी थोडं चेपलेलं. काठाच्या खाली ठोक्या-ठोक्यांनी नाव घातलेलं. पूर्वी लग्नात भांडं दिलं की कासाराकडून नाव घालून घ्यायचे, तसं. ‘सौ.’ पुढे एका बाईचं नाव, ‘मामाकडून’, आणि साल १९५८. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिच्या घरच्यांचं आहे. मी विकणाऱ्याला विचारलं, कुठून आलं? तो म्हणाला, “साहेब, लॉटमध्ये आलंय.” मी घासाघीस करून दोनशे रुपये कमी केले आणि खूश होऊन घरी आलो. फोटोला कॅप्शन काय दिलं माहितीये? ‘एव्हरी पॉट हॅज अ स्टोरी.’ ती स्टोरी काय, याचा मी पुन्हा विचार केला नाही.

दिवाळीनंतर आजी आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तीन आठवडे राहिली. पट्टी निघाल्यावर तिने पहिली गोष्ट काय पाहिली असेल, तर ती मांडणी. प्रत्येक भांड्याजवळ गेली, हात लावला, नावं सांगितली. मी ज्याला इतके दिवस कळशी म्हणत होतो, त्याला तिने गुंड म्हणून दुरुस्त केलं. त्या पातेल्यापाशी मात्र थांबली.

“हे खिरीचं पातेलं. बूड बघ. यात गव्हाची खीर करपत नाही.”

पुढच्या रविवारी माझे ऑफिसमधले सहा जण जेवायला येणार होते. खरं तर माझं कलेक्शन बघायला येणार होते. आजी म्हणाली, “मी करते खीर. कल्हई लावून आण तेवढी.”

मी नाही म्हणालो.

खूप गोड शब्दांत म्हणालो, पण नाहीच म्हणालो. आजी, त्याची पॅटिना जाईल. आजी, ते अँटीक आहे. आजी, तुझे डोळे अजून नाजूक आहेत, धुरापाशी नको. शेवटचं कारण सगळ्यात सभ्य होतं आणि सगळ्यात खोटं होतं.

रविवारी पाहुणे आले. जेवण ॲपवरून मागवलं. ४३ भांड्यांच्या समोर बसून आम्ही प्लास्टिकच्या डब्यांतून जेवलो. सगळ्यांनी मांडणीचे फोटो काढले. आजी आतल्या खोलीत जप करत बसली होती. रात्री तिने एवढंच विचारलं, “बाळा, एवढी भांडी, आणि एकालाही अन्न लागलेलं नाही?” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो तरी असतो.

ती गावी गेली. माघात अंगणात पाय घसरून पडली. मनगट आणि खुबा, दोन्ही. आता ती काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालते, पण चुलीपुढे बसणं, ढवळणं संपलं. तिच्या हातची खीर त्या पातेल्यात व्हायची होती, ती आता होणार नाही. फक्त एका रविवारचा प्रश्न होता, आणि मी तो रविवार एका डागासाठी घालवला.

मंडळी, आता पुन्हा त्या मुलीकडे या.

ती बांगड्या का फोडते? वैराग्य आलं म्हणून? बांगड्या वाईट म्हणून? नाही. बाहेर पाहुणे बसलेत, त्यांना जेवू घालायचंय, कांडण थांबता कामा नये, म्हणून. बांगड्यांमुळे कामात अडथळा येत होता, म्हणून त्या गेल्या. मुसळ तिने खाली ठेवलं नाही. आणि शेवटची बांगडीही तिने फोडली नाही. ती राहिली, कारण तिचा आवाज होत नव्हता.

मी नेमकं उलटं केलं होतं. बांगड्या वाढवत गेलो आणि मुसळ खाली ठेवलं.

आपण ‘अपरिग्रह’ म्हटलं की लगेच मोजायला लागतो. दहा शर्ट ठीक, वीस म्हणजे जास्त. पण भागवतातल्या या मुलीने आकडा धरलेला नाही. तिची कसोटी साधी आहे : ही वस्तू माझ्या हातून होणाऱ्या सेवेला मदत करते, की तिच्यावर आवाज करते?

महाभारतातली द्रौपदीची थाळी आठवा. सूर्याने दिलेली. द्रौपदी जेवेपर्यंत त्या थाळीतलं अन्न सरायचं नाही. दुर्वास शिष्यांसह आले तेव्हा ती जेवून झाली होती, थाळी घासून ठेवली होती. कृष्ण आला आणि म्हणाला, थाळी दाखव. त्याने त्या थाळीची घडण पाहिली नाही. काठाला चिकटलेलं भाजीचं पान शोधलं, ते खाल्लं, आणि सगळे तृप्त झाले. देव भांड्यात काय शोधतो? कुणीतरी त्यातून जेवल्याची खूण. माझ्या ४३ भांड्यांत त्याला शोधूनही काही सापडलं नसतं. मी सगळी फार स्वच्छ ठेवली होती.

याचा अर्थ जमवणं हे पापच, असा काढू नका. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. दिनकर केळकरांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज कुणीही तिकीट काढून आत जावं आणि आपल्या पणजीचं घर बघावं. तेही जमवणंच होतं, पण त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं. माझ्या मांडणीचं तोंड माझ्याकडे होतं.

मग मी काय केलं? फार मोठं काही नाही.

पातेलं कल्हईला नेलं. कल्हईवाल्याने ते भट्टीवर लालसर तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आतून टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात फिरवली. काळपट भांडं आतून चांदीसारखं झालं. माझी ‘पॅटिना’ धुरात गेली. खरं सांगतो, पोटात कालवलं. कल्हई नसेल तर पितळेत आंबट पदार्थ कळकतो हे मला माहीत होतं. कौतुकात ठेवलेलं मनही कळकतं, हे नवीन होतं.

मग खीर. आजी फोनवर, मी गॅसपाशी. सडलेले गहू रात्री भिजवलेले. “हलवत राहा. हात थांबवू नको.” हात थांबला, खीर बुडाला थोडी लागली. आजी म्हणाली होती की यात करपत नाही. तिच्या हातात करपत नसावी.

तरी तेच पातेलं फडक्यात बांधून सकाळच्या एसटीने गावी घेऊन गेलो. देवापुढे नैवेद्य दाखवला. आजीने दोन चमचे खाल्ली आणि म्हणाली, “गूळ कमी पडला.” मग काठावरच्या नावावर बोट फिरवत, डोळ्यांजवळ नेऊन, एकेक अक्षर वाचलं. ऑपरेशन चांगलं झालंय.

“कुणाची रे ही?”

“माहीत नाही, आजी. बाजारात मिळालं.”

तिने दुसरी वाटी घेतली, त्यात खिरीचा एक घास काढला आणि बाजूला ठेवला. त्या बाईचं नाव मोठ्याने घेतलं. म्हणाली, “आहे की गेली, देवाला ठाऊक. तिच्या मामाने हौसेने दिलेलं. तिचा घास आधी.”

चार वर्षं मी त्या भांड्याची स्टोरी सांगत होतो. तिच्या वाटचा घास आजीने काढला.

परत आल्यावर मोठी भांडी, पातेली, घंगाळं, पराती, अशी १४ वेगळी काढली. आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाच्या पंगतीला दिली. तिथे ती चेपतील, काळी होतील, कुणीतरी त्यांच्यावर रंगाने ‘सप्ताह’ असं लिहील. लिहू दे. काही मित्रांना दिली, एका अटीवर : आठवड्यातून एकदा तरी त्यात शिजलं पाहिजे. माझ्याकडे आता प्रत्येक प्रकारातलं एकेक आहे. एकेक बांगडी. रोज वापरात असल्यामुळे ती आवाज करत नाहीत.

सगळं सुटलं असं नाही. मागच्या रविवारी पाय पुन्हा जुन्या बाजाराकडे वळले. एक सुरेख पुरणयंत्र दिसलं. हातात घेतलं, फिरवून बघितलं, आणि स्वतःला विचारलं, यात पुरण कोण करणार? उत्तर आलं नाही. खाली ठेवलं. अजून आठवतंय मात्र. तो एक खणखणाट शिल्लक आहे.

तुमच्याकडे पितळेची भांडी नसतील. न उघडलेली पुस्तकं असतील, जपून ठेवलेली साडी असेल, ‘खास पाहुण्यांसाठी’ म्हणून वरच्या कपाटात गेलेला कपांचा सेट असेल. तो खास पाहुणा बहुतेक घरातच बसलेला असतो, आतल्या खोलीत, जप करत.

आजचा नेम : घरातली एक जपून ठेवलेली वस्तू आज खाली काढा आणि कुणासाठी तरी वापरा. डाग पडला तर पडू दे. आणि घरातलं वडीलधारं माणूस काही करून घालतो म्हणालं, तर आज नाही म्हणू नका.

आजची प्रार्थना : पांडुरंगा, माझ्या हातातल्या बांगड्या किती ठेवायच्या ते तूच ठरव. मुसळ मात्र हातातून सुटू देऊ नकोस.

उद्या अवधूताचा पुढचा गुरू, बाण घडवणारा कारागीर. भेटू.

राम कृष्ण हरी!