माउलीचें साह्य

देवापाशीं साह्य मागावें हें आपणांस लहानपणापासून शिकविलेलें असतें. देवालाच साह्य करावें असें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कर्जत-खालापूरच्या आमच्या मुलखांत तर मागण्याच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या मळलेल्या आहेत. इकडे महडचा वरदविनायक, आणि बोरघाट चढून गेलें कीं कार्ल्याची एकवीरा. चैत्रांत तिच्या यात्रेला आगरी-कोळी मंडळी पालख्या घेऊन निघतात. आणि त्याच कोळी घरांतील कित्येक जण सप्टेंबर महिन्यांत वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीला, म्हणजे येशूच्या मातेला, मेणाच्या वस्तु वाहतांना दिसतात. हात दुखत असेल तर मेणाचा हात, घर हवें असेल तर मेणाचें घर. या व्यवहाराला हंसण्याची आमची इच्छा नाहीं. आईपाशीं मागूं नये तर मागावें तरी कोणापाशीं?

परंतु एका संघाच्या नांवानें आम्हांस विचारांत पाडलें आहे. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीस, १९४२ सालीं ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा कॅथलिक व्रतस्थ भगिनींचा संघ निघाला. तो स्थापणाऱ्या ॲना हुबेर्टा रोगेनडॉर्फ या मूळच्या जर्मन. ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या जुन्या संघाच्या भगिनी. अंधेरीच्या सेंट कॅथरिन्स होम या संस्थेंत त्या अनाथ मुलांचें काम करीत. नव्या संघांत आल्या त्या येथल्याच मुली, आणि त्यांच्या वांट्याला आलीं टाकलेलीं मुलें, कुष्ठरोगी, निराधार बायका. संघाच्या नांवाचा अर्थ ‘मरियेच्या साह्यकारिणी’. मरिया जिला साह्य करिते ती नव्हे, मरियेला जी साह्य करिते ती! साऱ्या जगानें जिला ‘धांव’ म्हणून हांक मारावी, तिला उणें तें काय?

लूकच्या शुभवर्तमानांत याचें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें. देवदूताचा निरोप मिळाल्यावर मरिया घरांत ध्यान लावून बसली नाहीं. ती लगबगीनें डोंगराळ मुलखांत गेली, आणि उतारवयांत गरोदर राहिलेल्या एलिझाबेथ नांवाच्या आपल्या नातलग बाईकडे सुमारें तीन महिने राहिली. तेथें तिनें काय केलें तें ग्रंथांत नाहीं. पण बाळंतपण जवळ आलेल्या घरीं तीन महिने राहणारी मुलगी काय करीत असेल, हें आमच्या वाचक भगिनींना सांगावयास नको. देव्हाऱ्यांतल्या मरियेचे हात जोडलेले असतात. या मरियेचे पिठानें माखलेले असले पाहिजेत. त्या कामांत तिला जोडीदारीण हवी असेल, तर त्यांत नवल कसलें? आमच्याकडे विठोबा जनीबरोबर दळावयास बसला. तेथें देवानें भक्ताच्या जात्याला हात लावला. येथें भक्त माउलीच्या जात्याला हात लावतो, इतकाच फरक.

सेवेच्या आड धर्मांतराचा हेतु असतो, असा आक्षेप येईल. तो सरसकट उडवून लावण्याजोगा नाहीं. जी सेवा मोबदल्यांत धर्म मागते ती सेवा नव्हे, उलट्या बाजूनें केलेला नवसच होय. परंतु ही कसोटी लावावयाची तर प्रत्येक संस्थेस लावावी. एकाच धर्माच्या संस्थांसाठीं ती राखून ठेवणें न्यायाचें नाहीं.

दुसरा प्रश्न अधिक खोल जाणारा आहे. ज्यांनीं संसार केला नाहीं, त्यांनीं आईपणाची भाषा बोलावी काय?

१९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले, ५७ माणसें बेपत्ता राहिलीं, आणि २३ जुलैस शोध थांबला. वाडीचीं जीं मुलें त्या वेळीं आश्रमशाळेंत होतीं तीं वांचलीं. त्यांतल्या कित्येकांचे आईबाप गेले. त्या अंधारांत कोणीं आपल्या देवाला हांक मारली नसेल असें म्हणवत नाहीं. मागणारी भक्ति अशा ठिकाणीं मुकी होते, आणि तिला उगाच बोलकी करूं पाहणाऱ्या पंडितांचा आम्हांस कंटाळा येतो. परंतु सकाळीं त्या पोरापुढें ताट कोणीं ठेवावें, हा प्रश्न देवावर सोंपवून भागत नाहीं. जी बाई तें ताट ठेवील, तिनें त्याला जन्म दिलेला नसेल. म्हणून तिचें आईपण उसनें कां ठरावें? कृष्णाला जन्म देवकीनें दिला, पण आमच्या बायकांच्या ओठीं नांव येतें तें यशोदेचें.

नवस एकदां फेडला कीं मोकळें होतां येतें. साह्यकारिणीला तशी सोय नाहीं. अंधेरीच्या त्या अनाथगृहासाठीं जर्मनींतल्या बॉन शहरांत रोझी गोलमान या बाईंनीं १९६७ सालीं जी संस्था काढली, तिच्या नांवांत आजहि ‘अंधेरी’ हा शब्द आहे. आमच्याकडे दिवाळी उलटली कीं कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांची वाट धरतात. लहान मुलें बरोबर असतात, आणि एखादी बाई तेथेंच बाळंत होते. तिच्यापाशीं तीन महिने राहावयास कोणी गेली, तर ती कोणत्या देव्हाऱ्यापुढून उठून आली हें आम्ही तिला विचारणार नाहीं.