शील मतपेटीत टाकता येते काय?



गेल्या पौर्णिमेची वंदना आटोपून मी गुलमंडीवरून पायी घराकडे येत होतो. सणाचे दिवस असल्याने कापडाच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. रंगार गल्लीच्या तोंडाशी एका बाईने मला हाक मारली. तिचा नवरा तेथल्याच एका दुकानात कापडाचे गठ्ठे वाहतो. ती चार घरची धुणीभांडी करते. दोन वर्षांपूर्वी या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली. बाईने मला बाजूला घेतले आणि दबक्या आवाजात विचारले,

"गुरुजी, दीक्षा घेतल्यावर सहा महिन्यांनी मला चौथ्यांदा दिवस गेले. डॉक्टरीणबाई म्हणल्या, तुझं बीपी लई वाढलंय, हे बाळंतपण तुला झेपायचं नाही. पहिली तीन लेकरं बारकी. मी खाली करून घेतलं. आता गल्लीतली एक बाई म्हणती, तुझं पहिलं शील मोडलं, तू कशाची बौद्ध? खरंच मोडलं का, गुरुजी?"

तिच्याबरोबर तिचा पुतण्या होता. तो महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, "सर, अमेरिकेत यावर लोकांचं मतदान घेतात. आपल्याकडंही घ्यावं. बहुमत सांगेल ते खरं, वाद मिटला!"

रस्त्यात उभ्याने उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. पण तो टाळण्यासारखाही नव्हता. प्रश्न विचारणे हा आपल्या नगरीचा धम्म आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५० साली येथे महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला ज्या मिलिंद राजाचे नाव मिळाले, तो राजा नागसेन स्थविरांना प्रश्न विचारल्यामुळेच अमर झाला. म्हणून प्रथम पुतण्याच्या प्रश्नाचा विचार करू आणि मग त्या भगिनीच्या.

अमेरिकेत काय घडले ते आधी पाहू. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली गर्भपाताचा हक्क घटनात्मक मानला होता. २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि हा विषय एकेका राज्याच्या हाती सोपवला. मग राज्याराज्यांत मतपेट्या मांडल्या गेल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्सस या जुन्या वळणाच्या राज्यात हक्क काढून घेण्याची दुरुस्ती मतदारांपुढे आली. शंभरातील सुमारे एकोणसाठ मतदारांनी ती फेटाळली. २०२३ साली ओहायोच्या मतदारांनी हा हक्क राज्याच्या घटनेत लिहून घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडात ५७ टक्के मते हक्काच्या बाजूने पडली. पण तेथे घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात म्हणून ती पडली. त्याच दिवशी नेब्रास्कात बंधनाच्या बाजूने कौल लागला. म्हणजे एकाच देशात, एकाच दिवशी, नदीच्या या काठावरच्या बाईला एक न्याय आणि त्या काठावरच्या बाईला दुसरा!

अमेरिका दूर आहे, असे कोणी म्हणेल. मग आपल्या सीमेवरच्या बेळगावकडे चला. बेळगावात वाढलेली सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेली होती. त्या देशाने १९८३ साली सार्वमत घेऊन आपल्या घटनेत लिहिले होते की, गर्भाचा जगण्याचा हक्क मातेच्या हक्काइतकाच आहे. शंभरातील सदुसष्ट मतदारांनी ते मंजूर केले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, सवितेचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले. तिने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत, म्हणून ती नाकारण्यात आली. रक्तात विष भिनून २८ ऑक्टोबरला ती गेली. हा कॅथलिक देश आहे, असे तिला रुग्णालयातील एका परिचारिकेने सांगितले होते. पुढे मृत्यूच्या चौकशीत त्या परिचारिकेने ते मान्यही केले. सविता कॅथलिक नव्हती. आयर्लंडची मतदारही नव्हती. ज्या मतदानाने तिचे मरण लिहून ठेवले, ते झाले तेव्हा ती बेळगावकडची सुमारे दोन वर्षांची पोर होती.

तिच्या मृत्यूने तो देश हादरला. लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. २५ मे २०१८ रोजी पुन्हा सार्वमत झाले. बेळगावातून तिच्या वृद्ध आईवडिलांनी आयर्लंडच्या मतदारांना आवाहन केले की, आमच्या लेकीची आठवण ठेवा. शंभरातील सहासष्ट मतदारांनी जुने कलम काढून टाकले.

येथे क्षणभर थांबा. १९८३ साली सदुसष्ट लोक एका बाजूला होते, २०१८ साली सहासष्ट लोक दुसऱ्या बाजूला. मधल्या काळात स्त्रीचे शरीर बदलले काय? तिच्या जिवाचे मोल बदलले काय? बदलली ती हातांची मोजणी. जे सत्य हात मोजून ठरते, ते हात मोजून पुसलेही जाते.

मग मतदान वाईट काय? नाही. आपल्या मराठी मुलखालगत १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, हा प्रश्न होता. गोव्याने वेगळे राहण्याचा कौल दिला आणि सर्वांनी तो मान्य केला. ते योग्यच झाले. कारण प्रश्न सर्वांचा होता आणि परिणामही सर्वांनी मिळून भोगायचा होता. पण गर्भ वाढतो एकीच्या पोटात. कळा एकीलाच येतात. मरण आले तर तिला येते. जेथे भोगणारी एक आणि मत देणारे लाखो, तेथे मतदान ही लोकशाही राहत नाही. ती गावकी होते. गावकीने आपल्या आजोबा-पणजोबांचे पाणवठे कसे ठरवले होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मूठभरांचे माणूसपण बहुमताच्या मर्जीवर सोडू नये, म्हणूनच बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांसाठी हाडाची काडे केली.

बहुमत स्त्रीच्या बाबतीत कसे वागते, याचा अनुभव खुद्द बाबासाहेबांच्या पक्षाने घेतला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांना त्या दिवशी हजर राहता आले नाही. त्यांनी तयार केलेले भाषण स्वतंत्र मजूर पक्षाचे श्री. पी. जे. रोहम यांनी मांडले. कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल, तर गर्भधारणा टाळणे तिला शक्य झाले पाहिजे. मूल होऊ देणे न देणे सर्वस्वी तिच्या इच्छेवर असले पाहिजे, असा त्या भाषणाचा आशय आहे. तो ठराव गर्भपाताचा नव्हता, गर्भधारणा टाळण्याचा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण निर्णय कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्यात स्पष्ट आहे. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, विरुद्ध ५२. आज त्या ५२ जणांची नावे कोणाला आठवतात?

आपल्या देशात या विषयावर सार्वमत झालेले नाही. शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर संसदेने १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. तो २०२१ साली सुधारला गेला. ठरावीक कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या आणि काही स्त्रियांच्या बाबतीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते; नवऱ्याची सही कायदा मागत नाही. हे प्रत्येक भगिनीला ठाऊक असले पाहिजे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांची ही तरतूद अविवाहित स्त्रीलाही लागू केली. मात्र या कायद्याबाहेरचा गर्भपात आजही गुन्हाच आहे आणि अखेरचा शब्द डॉक्टरचा आहे. म्हणजे आपल्याकडेही वाट पुरती मोकळी नाही.

आणि कायदा म्हणजे तरी दगडावरची रेघ काय? अमेरिकेतील हक्क मतपेटीने नव्हे, न्यायाधीशांनीच काढून घेतला. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, हक्कांचे रक्षण कायद्याने होत नाही, समाजाच्या नैतिक विवेकाने होते. तो विवेक कसा घडवायचा? येथे धम्माचे काम सुरू होते आणि येथेच त्या भगिनीच्या प्रश्नाला हात घालावा लागतो.

प्रथम एक कटू गोष्ट लपवू नये. प्राचीन विनयात गर्भालाही मनुष्यजीव मानले आहे आणि गर्भपात घडवून आणणारा भिक्खू संघातून बाद होतो. गर्भ म्हणजे काहीच नाही, असे धम्म म्हणत नाही. जिवाविषयी ज्याच्या मनात कालवाकालव होत नाही, त्याची मैत्री कोरडी आहे.

पण आपण रोज जे म्हणतो त्यातील शब्द नीट ऐका. पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि. समादियामि, म्हणजे मी ग्रहण करतो, मी ग्रहण करते. क्रियापद प्रथम पुरुषी आहे, एकवचनी आहे. शेजारणीला मी हे शील पाळायला लावीन, असे त्यात कोठेही नाही. पुन्हा, ते सिक्खापद आहे; शिकण्याची पायरी आहे, देवाची आज्ञा नव्हे. आज्ञा मोडली की शिक्षा असते. पायरी चुकली तर माणूस सावरतो आणि पुन्हा चढतो. शील मतपेटीत टाकता येत नाही ते याच कारणाने. दुसऱ्याने माझ्यासाठी मत देऊन मी शीलवान होत नाही, जसा दुसऱ्याने औषध घेऊन माझा ताप उतरत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेविषयी मोलाचा भेद सांगितला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. हत्येची इच्छा वेगळी, हत्येची गरज वेगळी. तथागतांनीही कर्माचे मूळ चेतनेत पाहिले. मग त्या भगिनीची चेतना कोणती होती? तिला जीव घ्यायचा नव्हता. तीन लेकरांच्या डोक्यावरचे आईचे छत्र तिला राखायचे होते.

येथे एखादा वाचक विचारील: निर्णय स्त्रीचाच म्हणता, तर मुलीचा गर्भ पाडण्यालाही तुमची संमती समजायची काय? नाही, शंभर वेळा नाही. ही दोन कृत्ये एक नाहीत. पहिल्यात स्त्री स्वतःच्या देहाचा आणि संसाराचा विचार करते. दुसऱ्यात गर्भाची जात पाहिली जाते, स्त्रीजात! जन्मावरून माणूस हलका ठरवणे हेच तर आपण नाकारले. जन्मण्याआधीच त्याला हलका ठरवणे हा त्याच विषवृक्षाचा कोंब आहे. शिवाय तो निर्णय बहुधा त्या बाईचा नसतोच; सासूचा, नवऱ्याचा, हुंड्याच्या धाकाचा असतो. कायद्यानेही हे ओळखले आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, देशाचा कायदा १९९४ साली आला आणि त्यात गर्भवतीवर घरच्यांनी जबरदस्ती केली असे गृहीत धरले आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली किती होत्या? ८०७. मराठवाड्याच्या कपाळावरचा हा डाग आहे. बाईला मूल नको असताना बाळंतपण लादणे आणि मुलगी हवी असताना ती पाडायला लावणे, या दोन्हींत जुलूम एकच: तिच्या पोटावर दुसऱ्याची सत्ता.

तेव्हा नवदीक्षित कुटुंबांनी काय करावे? मुले किती आणि केव्हा, हे सुनेला आणि लेकीला एकांतात विचारावे, चारचौघांत नव्हे. गर्भ राहू न देण्याची जबाबदारी बाईवरच ढकलू नये. पुरुषाची नसबंदी सोपी असते आणि तिने पुरुषार्थ जात नाही. गर्भपाताची वेळ आलीच तर लपतछपत, वैदूकडे जाऊ नये. सरकारी दवाखान्याची पायरी चढावी आणि नवऱ्याने बरोबर जावे. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांना पाप-पुण्याचे प्रवचन दिले नाही. बाळंतपणाला खोली दिली आणि नाव गुप्त ठेवले. आपल्या धम्माचे शेजारपण असे असावे.

चार दिवसांनी मी त्या भगिनीच्या घरी गेलो. तिला म्हणालो, "ताई, तुमचं शील तुम्ही घेतलंय, गल्लीनं नाही. त्याचा हिशेब गल्लीला द्यायचा नाही. झाल्याचं वाईट वाटतं का?"

ती म्हणाली, "रोज वाटतं, गुरुजी. दिवस भरले असते तर ते लेकरू आता चालाया लागलं असतं."

मी म्हणालो, "ते वाटू द्या. ज्याला वाईट वाटतं त्याच्याच हाती शील असतं. त्यासाठी उपास नको, नवस नको. आहेत त्या तीन लेकरांना शिकवा."

पुतण्या दारात उभा राहून ऐकत होता. त्याने विचारले, "मग सर, मतदान नकोच?"

"मतदान हवं," मी म्हणालो. "रस्त्यासाठी, पाण्यासाठी, शाळेसाठी, चांगल्या दवाखान्यासाठी. तुझ्या काकूच्या पोटासाठी नको."

भगिनी उठली. चहाचे आधण ठेवता ठेवता म्हणाली, "त्या शेजारणीला बी बोलावते. ती बी अडलेलीच हाय, गुरुजी. कोणाला सांगत नाही, एवढंच."

जय भीम! भवतु सब्ब मंगलं.