हीण आणि खोट
सोने पायांत घालू नये, म्हणून आपल्याकडे जोडवी रुप्याची. परंतु शुद्ध रुपे मऊ असते. ते लवकर वाकते. म्हणून हजारांत ९२५ भाग रुपे ठेवून उरलेल्या ७५ भागांत बहुधा तांबे घालतात. दिल्लीच्या दरिब्यात पत्नीसाठी जोडवी घडवून घेताना सोनाराने हे हीण आपणहून सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम खट्टू झालो, मग ओशाळलो. हीण म्हणजे खोट नव्हे; ते लपविणे ही खोट. निर्भेळ माणूस संसारात कोठे सापडतो? लग्न ठरताना मात्र वडिलार्जित कर्जाविषयी आम्ही मौन पाळले होते. जोडवी हाती देताना ते सांगितले. कर्ज त्यामुळे फिटले नाही. खोट मात्र तेथे थांबली.