गाळण्यात उरलेले जीव

पाणी गाळून प्यायचं, हे आपल्याकडे मुलींना मुद्दाम शिकवावं लागत नव्हतं. दुहेरी फडकं, आणि त्यात उरलेली जिवाणी मोरीत न ओतता ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत. मग नळ आले, बोअर आले, आता घरोघरी फिल्टर आहे. फडकं गेलं याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण आपण गाळले ते जीव कुठे गेले, हे विचारणंही त्याबरोबर गेलं.

माझी भाची प्राणिशास्त्र शिकते. नदीचं पाणी तपासायची त्यांची एक रीत ऐकून मला आपलं फडकंच आठवलं. वाहत्या पाण्यात खालच्या अंगाला बारीक जाळी धरायची, वरचे गोटे पायानं हलवायचे, आणि जाळीत येईल ते पांढऱ्या ट्रेत ओतायचं. मग कोण कोण राहतं ते बघायचं. एक किडा असतो, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले, मागे बहुधा तीन शेपट्या. पाण्यात महिनोन्‌महिने काढतो आणि पंख फुटल्यावर काही न खाता एकदोन दिवसांत संपतो. दुसरी अळी वाळूचे कण चिकटवून स्वतःपुरतं घर बांधते. हे सापडले तर पाणी बरं. नुसत्या रक्तासारख्या लाल अळ्या आणि गांडुळासारखे बारीक किडे उरले, तर समजायचं की पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या शेवटी प्रत्येक कुळाला १ ते १० गुण द्यायची पद्धत बसवली. आपल्या केंद्रीय प्रदूषण मंडळाचीही अशीच गुणांची रीत आहे.

बाटलीत भरून नेलेलं पाणी फक्त त्या घटकेचं सांगतं. रात्री कुणी काही सोडलं आणि सकाळपर्यंत ते वाहून गेलं, तर बाटलीला पत्ता लागत नाही. किडे तिथेच राहतात, त्यांना चुकवता येत नाही.

आपल्या मनात शुद्ध पाणी म्हणजे जीव नसलेलं पाणी. इथे उलटं. काचेसारखं नितळ आणि एकही किडा नाही, तर घाबरावं!

आता खरी अडचण. नमुना प्रयोगशाळेत न्यायचा तर हे जीव अल्कोहोलमध्ये बुडवतात. मारायचं ठरवून मारणं, म्हणजे संकल्पी हिंसा. स्वयंपाकातली, शेतातली हिंसा आपण नाइलाज म्हणून सोसतो, ही तशी नाही. नदीच्या भल्यासाठी म्हणून ती माफ होते, असं मला वाटत नाही. भाची म्हणाली, “मावशी, जात नक्की करायची तर सूक्ष्मदर्शकाखाली बघावंच लागतं.” ते खरं असेल. पण नुसतं कूळ ओळखून गुण द्यायला बऱ्याचदा काठावर भिंग पुरतं. मोजा, लिहा आणि त्याच गोट्यांत परत सोडा. ही जिवाणीच झाली की.

पण एवढ्यावर समाधान मानून बसणंही मला सोपं वाटतं. दहावीस किडे बाटलीत गेले यावर आपण हळहळतो, आणि संत्र्याच्या, कपाशीच्या फवारणीतून पावसाबरोबर नाल्यात उतरतं त्याचं काय? कीटकनाशक नदीतला किडा वेगळा ओळखत नाही. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. पांढुर्णा-सौंसरात औषधांच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांत आपलीही माणसं आहेत, आणि त्याच घरात पाणी गाळलं जातं. दुकान बंद करा असं मी म्हणणार नाही, संसार मलाही कळतो. पण किती मात्रा, ओढ्यापासून किती लांब, पंप कुठे धुवायचा, हे गिऱ्हाइकाला सांगायला काय हरकत आहे? सौंसरजवळची कन्हान पुढे नागपूरच्या नळाला जाते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी सगळी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीवर लोटतं. गोटे उचलतात, पण गोट्याखाली काय चिकटलंय ते कोण बघतो? तेव्हा पाणीही गढूळ असतं म्हणा. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, त्यानंतर पाणी निवळतं. एक पांढरं ताट, एक भिंग आणि पाणी गाळायचं जुनं फडकं, एवढं सामान पुरे होईल.