खलिफांची नावे आणि वऱ्हाडची स्मृती

नोव्हेंबर १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस शहरी हैदराबादच्या निजामांचे ज्येष्ठ चिरंजीव आझम जाह यांचा विवाह झाला. वधू दुर्रूशेहवार या अखेरचे उस्मानी खलिफा दुसरे अब्दुल मजीद यांच्या एकुलत्या एक कन्या होत्या. आणि पुढे १९३६ च्या कराराने निजामांच्या युवराजांस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब लाभला तेव्हा खिलाफतीच्या घराण्यातील ही राजकन्या, किताबापुरती का होईना, वऱ्हाडची युवराज्ञी झाली. त्या वऱ्हाडात वाशीम, मंगरूळपीर, कारंजा आणि रिसोड ही आमची गावे येत होती. परंतु या प्रांताचा कारभार १८५३ मध्येच इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता, आणि खुद्द खिलाफतही ३ मार्च १९२४ रोजी अंकाऱ्यात संपुष्टात आली होती. मदिनेत तेराशे वर्षांपूर्वी निर्माण झालेल्या एका पदाचे उरलेसुरले तेज अशा रीतीने आमच्या प्रांताच्या नावाशी येऊन जुळले.

वऱ्हाडाचा खिलाफतीशी दुसराही एक संबंध आहे, आणि तो करारांच्या व किताबांच्या वाटेने आलेला नाही. मोहरमच्या दिवसांत वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत सवाऱ्या निघतात, पंजे बसतात, डोले उठतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुसलमानांच्या बरोबरीने हिंदू कुटुंबांनीही त्यांपुढे नवस बोलले व फेडले आहेत. खलिफांची वंशावळ ज्याने कधी ऐकली नाही अशा शेतकऱ्यालाही हसन-हुसेन ही नावे परिचित असतात. विजयी पक्षाची आठवण शिक्क्यांवर व सनदांत राहिली आणि पराभूत पक्षाची लोकांच्या श्रद्धेत राहिली, हे का घडले याचा उलगडा व्हावयाचा तर सातव्या शतकातील अरबांच्या नगरांकडे वळले पाहिजे. कारण त्या काळचे पक्ष हे प्रथम नगरांचे पक्ष होते आणि मतांचे पक्ष मागाहून झाले, असे माझे मत आहे.

इ. स. ६३२ मध्ये पैगंबर मुहंमद यांचे मदिनेत देहावसान झाले तेव्हा त्यांना हयात पुत्र नव्हता, आणि पुढील नेत्याची निवड कशी करावयाची याविषयी सर्वांस मान्य असा दंडकही नव्हता. पैगंबरांचे चुलतबंधू व जावई हजरत अली आणि घरची मंडळी अंत्यविधीत गुंतलेली असता मदिनेचे मूळ रहिवासी, म्हणजे अन्सार, बनू साइदा कुळाच्या मंडपात जमून आपल्यातील साद इब्न उबादा यांस नेता करण्याचा विचार करू लागले. ही वार्ता कळताच अबू बक्र, उमर आणि अबू उबैदा तेथे पोहोचले आणि वादविवादाच्या अखेरीस अबू बक्र यांच्या हातावर निष्ठेची शपथ घेतली गेली. या पहिल्याच प्रसंगी भांडण होते ते मदिनेचे आणि मक्केहून आलेल्यांचे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वाशीमच्या माणसाला येथे स्वतःच्या गावाचा प्राचीन इतिहास आठवल्याखेरीज राहत नाही. पहिल्या प्रवरसेनानंतर वाकाटकांचे राज्य त्याच्या वंशजांत विभागले गेले. एक शाखा नंदिवर्धनास राहिली, तर त्याचा पुत्र सर्वसेन याने वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, ही आपली राजधानी केली. त्याचा पुत्र विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमलाच सापडला, आणि याच शाखेतील हरिषेणाच्या काळात, त्याचा अमात्य वराहदेव याच्या दानाने, अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरले गेले. वारसा वाटून घेण्याची रीत होती म्हणून आमच्या गावाला राजधानीचा मान मिळाला. मदिनेत ही वाट बंद होती. श्रद्धावंतांचा समुदाय एक आणि त्याचा नेता एक, या तत्त्वात वाटणीला जागा नव्हती. आणि वंशपरंपरा बहुतेकांना मान्य नव्हती. वाटणी नाही, वंश नाही, तर मग निवड कोणी करावयाची, हा प्रश्न शिल्लक राहिला, आणि पुढील सर्व रक्तपात त्याच्याच पोटातून निघाला.

दुसरे खलिफा उमर यांनी (६३४ ते ६४४) राज्याला जे रूप दिले त्याचा येथे सविस्तर विचार करणे अगत्याचे आहे. इराण व सिरियाकडील मुलूख जिंकल्यावर अरब सैनिकांनी जमिनी वाटून घेऊन विखरून जाऊ नये, म्हणून त्यांनी इराकमध्ये बसरा आणि कूफा या नव्या छावण्या वसविल्या, तेथे टोळीवार वस्त्या केल्या, आणि दिवाण नावाचे दप्तर सुरू करून प्रत्येकाचा तनखा त्यात नोंदविला. ज्याने इस्लाम आधी स्वीकारला, आरंभीच्या लढायांत जो लढला, त्याचा तनखा अधिक. मागाहून आला त्याचा कमी. छावणी आणि मदिना यांच्यामध्ये पाणी असू नये, असा त्यांचा कटाक्ष असल्याचे परंपरा सांगते, आणि आमच्या कोकण किनाऱ्याशी निगडित एक घटना त्याला पुष्टी देते: बहरैन व ओमानचा सुभेदार उस्मान इब्न अबिल आस याने सन ६३६ च्या सुमारास ठाण्यावर जे आरमार धाडले, त्याबद्दल उमर यांनी त्याची प्रशंसा न करता कडक शब्दांत कानउघाडणी केली, असे बलाधुरी हा इतिहासकार नमूद करतो. जे सैन्य हाकेच्या टप्प्यात नाही त्यावर अंमल चालत नाही, हे त्या पुरुषाने ओळखले होते.

परंतु दप्तरात नोंदलेली प्रतिष्ठा पुढे तंट्याचे मूळ ठरली. उमर यांच्या हत्येनंतर सहा जणांच्या मंडळाने तिसरे खलिफा उस्मान यांची निवड केली. त्यांच्या कारकिर्दीत इराकात नवे लोक लोटले, तेथील सवाद या सुपीक प्रदेशाच्या महसुलावर कोणाचा हक्क याचा वाद पेटला, आणि सुभेदाऱ्या उस्मान यांच्या उमय्या कुळातील आप्तांकडे जाऊ लागल्या. जुन्या सैनिकांना आपली पत ढासळताना दिसली. सन ६५६ मध्ये मिसर, कूफा व बसरा येथून आलेल्या बंडखोरांनी मदिनेत उस्मान यांच्या वाड्याला वेढा दिला आणि त्यांची हत्या केली. वेढा घालणारे ज्या छावण्यांचे होते, त्या छावण्यांची गाऱ्हाणी ऐकल्यावाचून हा प्रसंग केवळ दुष्टपणाची कथा वाटतो, आणि तसे मानणे अन्यायाचे आहे.

यानंतर हजरत अली खलिफा झाले आणि त्यांनी राजधानी कूफ्यास नेली. बसऱ्याजवळ त्यांच्या विरोधकांशी उंटाची लढाई झाली. मग फुरातकाठी सिफ्फीन येथे ६५७ मध्ये इराक आणि शाम (सिरिया), म्हणजे कूफा आणि दमास्कस, समोरासमोर उभे ठाकले, आणि लवादाचा तोडगा निघताच अलींच्याच सैन्यातून खारिजी फुटले. वीस वर्षे दमास्कसची सुभेदारी सांभाळलेल्या, उमय्या कुळातीलच मुआविया यांच्यापाशी एकजीव, शिस्तीचे सैन्य होते. अलींपाशी कूफ्यातील परस्परांचा हेवा करणाऱ्या टोळ्या होत्या. ६६१ मध्ये कूफ्याच्या मशिदीत एका खारिजीने अलींवर प्राणघातक वार केला, त्यांचे पुत्र हसन यांनी समझोता केला, आणि मुआविया यांनी पुढे आपल्या पुत्राला, यजीदला, वारस नेमून निवडीचा प्रश्न घराण्याच्या हक्कात बुडवून टाकला. तेव्हा कूफ्याने हसन यांचे बंधू हुसेन यांस पत्रांवर पत्रे पाठवून बोलाविले, आणि दमास्कसच्या सुभेदाराची जरब बसताच तेच कूफा मागे सरले. १० ऑक्टोबर ६८० रोजी, मोहरमच्या दहाव्या दिवशी, करबलाच्या मैदानात हुसेन आपल्या मोजक्या साथीदारांसह मारले गेले. ज्या नगराने बोलाविले त्याच नगराने एकटे सोडले, ही करबलाच्या शोकातील सर्वांत खोल जखम आहे. आपल्या शब्दाला न जागल्याची लाज त्यात आहे, आणि म्हणून हा शोक एका पंथाच्या मर्यादेत मावला नाही.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगता येतो. खुरासानातून निघालेल्या अब्बासींच्या काळ्या निशाणांनी ७५० मध्ये उमय्यांची सत्ता उलथून टाकली. अब्बासी खलिफा मन्सूर याने, ज्या अबू मुस्लिमने हा विजय मिळवून दिला त्यालाच ठार करवून, ७६२ मध्ये वर्तुळाकार बगदाद वसविले. बगदादचे वैभव मोठे होते, पण १२५८ मध्ये मोंगल हुलागूने तेथील खलिफा मुस्तसिम यास ठार मारले. तरीही दिल्लीच्या सुलतानांनी त्याचे नाव आपल्या नाण्यांवरून काढले नाही. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन अचलपूरमार्गे देवगिरीवर चालून आला तेव्हा दिल्लीच्या तख्तावर असलेल्या जलालुद्दीनच्या नाण्यांवर अजून त्या मृत खलिफाचेच नाव होते. मुहंमद तुघलकाने तर स्वतःचे नाव वगळून काहिरास्थित अब्बासी खलिफाच्या नावाने नाणी पाडली, आणि तो खलिफाही १३४० मध्येच वारला होता. सत्तेला वैधतेची गरज होती आणि वैधता नावापुरती असली तरी पुरेशी होती. सैन्य, महसूल, नगर यांपैकी काहीही मागे नसलेले हे नाव, अखेरच्या उस्मानी खलिफांच्या कन्येमार्फत, सहा शतकांनंतर आमच्या वऱ्हाडच्या किताबाशी येऊन जुळले आणि त्या किताबाबरोबरच मावळले.

हुसेन यांचे नाव मात्र मावळले नाही. १८९३ च्या दंग्यांनंतर पुण्यात हिंदूंचा मोहरममधील सहभाग ओसरला. पण वऱ्हाडच्या खेड्यांत तो पुष्कळ काळ टिकला आणि कोठेकोठे आजही टिकून आहे. त्यासाठी सनद लागली नाही, दप्तरात नोंद लागली नाही. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या सहाही तालुक्यांत ज्यांच्या घरी सवारीचा वा पंजाचा मान चालत आला आहे, त्या घरांतील वृद्धांकडे या परंपरेची माहिती आहे: मान कोणाकडून आला, कोणत्या जातीची कोणती सेवा ठरलेली होती, कोणती गाणी म्हटली जात आणि कोणती बंद पडली. ही माहिती लिहून काढण्याचे काम आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी व गावोगावच्या शिक्षकांनी हाती घ्यावे, आणि ते याच पिढीत घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.