झाकलेले नाव आणि हरवलेले नाव

आमच्या मराठी शाळांतून इंग्रजीचे अध्यापन दीर्घकाळ तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेच्या वळणाने चालत आले. शब्दाला प्रतिशब्द सापडला, वाक्याचा अन्वय लागला, व्याकरणाचा नियम सांगता आला, की वाचन पुरे झाले, असा शिक्षकांचा आणि परीक्षकांचाही समज असे. परक्या भाषेच्या उंबरठ्याशी उभ्या असलेल्या मुलाला ती पायरी आवश्यकच होती, आणि तिचे ऋण मी मनापासून मानतो. परंतु वाचता येणे म्हणजे काय, ही कल्पना इंग्रजी भाषेच्या मुलुखांत शतकभरात किती पालटली, हे पाहिले म्हणजे त्याच पायरीवर बसून राहिलेल्या वर्गाविषयी चिंता वाटू लागते.

या शतकाचा आरंभ केंब्रिजमध्ये होतो. आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांपुढे कवीचे नाव झाकून कविता ठेवल्या आणि त्यांचे अभिप्राय लिहून मागितले. नामांकित विद्यापीठातील त्या तरुणांनी जॉन डनसारख्या कवीची कविता नापसंत करावी, सामान्य पद्यावर लुब्ध व्हावे, आणि पुष्कळांना तर कवितेचा सरळ अर्थही लागू नये, असा विदारक अनुभव आला. १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथातून तो जगापुढे आला, आणि कीर्तीच्या आधारावाचून केवळ मजकुराशी एकाग्र होणे हाच वाचनशिक्षणाचा गाभा ठरला.

चारच वर्षांनी, १९३३ मध्ये, एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्पसन यांनी ‘कल्चर अँड एन्व्हायरन्मेंट’ हे पुस्तक लिहून हीच चिकित्सक दृष्टी शाळेतील मुलांनी जाहिरातींकडे आणि वृत्तपत्रांकडे वळवावी, असा आग्रह धरला. १९९४ साली अमेरिकेतील न्यू लंडन या गावी दहा विद्वान एकत्र आले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने अक्षरांबरोबरच चित्र, ध्वनी आणि हावभाव यांचीही भाषा शिकवण्याचा विचार मांडला, आणि साक्षरता हा शब्द अनेकवचनी झाला.

पुढे काळाने विलक्षण उलट फेरा घेतला. जे नाव रिचर्ड्स यांना बुद्ध्या झाकावे लागले, ते पडद्यावरील मजकुरातून आपोआपच हरवले. स्टॅनफर्ड येथील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात दहा इतिहासकार, वृत्तपत्रीय तथ्यांची तपासणी करणारे दहाजण आणि पंचवीस विद्यार्थी यांच्यापुढे काही संकेतस्थळे ठेवली. त्यांत नामसादृश्य असलेल्या बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांचीही होती. विद्यार्थी, आणि अनेक इतिहासकारसुद्धा, त्याच पानावर रेंगाळत त्याच्या मांडणीला आणि बोधचिन्हाला भुलले. तपासनीस मात्र क्षणार्धात ते पान सोडून, या संस्थेविषयी इतर लोक काय सांगतात, याची रुजुवात करावयास निघाले. ज्या एकाग्रतेचा रिचर्ड्स यांनी संस्कार केला, तीच येथे वाचकाला फसवून गेली.

मग जुना धडा चुकला का? मला तसे वाटत नाही. जुन्या मराठी दप्तरांत पत्राच्या शिरोभागी शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब उमटे, ते एवढ्याचसाठी की लिहिणारा कोण हे कळावे आणि मागाहून कोणास एक अक्षरही वाढवता येऊ नये. परंतु शिक्का पाहिला म्हणून पत्र वाचण्याचे श्रम काही चुकत नसत. नाव झाकणे आणि नाव शोधणे या दोन्हींचा हेतू एकच आहे: उसन्या मतापासून वाचकाची सुटका. एके काळी ते मत कवीच्या कीर्तीतून येई, आज ते पानाच्या देखणेपणातून येते.

म्हणून माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकाने आठवड्यातील एक तास कवीचे नाव झाकून कविता वाचण्यास द्यावा, आणि दुसऱ्या तासाला, भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचलेला एखादा निनावी इंग्रजी मजकूर फळ्यावर लिहून, अर्थ विचारण्याच्या आधी मुलांना एवढेच विचारावे: हे कोणी लिहिले, आणि ते आपण कोठे जाऊन पाहणार?