अंतःकरणातील वही

करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय आपण बहुधा लग्नप्रसंगी वाचितो. पौलाने सुमारे इ. स. ५५ मध्ये इफिसाहून तो लिहिला, तो मात्र वधूवरांकरिता नव्हे. ज्या मंडळीत तट पडले होते, भाऊ भावावर फिर्याद करी, आणि प्रभुभोजनास गरीब उपाशी राहत, तिच्याकरिता लिहिला.

प्रीति अपकार मनात ठेवीत नाही, असे तेथे सांगितले आहे. त्यातील मूळ ग्रीक शब्द हिशेबनिसाचा आहे. रक्कम खात्यावर मांडणे असा त्याचा अर्थ. सावकाराच्या वहीचा जाच आपल्या वाडवडिलांनी सोसला. तशीच वही आपण भावाच्या नावाने अंतःकरणात बाळगितो! बांध कोणी कोरला, लग्नाचे बोलावणे कोणी चुकविले, पंचांपुढे कोण उलट बोलला, सर्व मितीवार मांडलेले. (मंडळीने मान राखला नाही, ही उपदेशकांची नोंदही त्यात असते, आम्ही स्वतःवरून सांगतो.) आणि सगळे आपले येणेच, देणे कोठे लिहिलेलेच नाही.

मेजाजवळ येण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असे त्याच पत्राच्या ११ व्या अध्यायात आहे. तर प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री, दिवा मालविण्यापूर्वी, आपण ती वही उघडू या, आणि सर्वांत जुने खाते कोणाच्या नावावर आहे ते पाहू या. त्याचे घर बहुधा हाकेच्या अंतरावर असेल.